घरचा कुत्रा : त्याची वागणूक आणि त्याचें ताट

आमच्या भागांत कुत्रा पाळणें ही कांहीं विशेष गोष्ट नव्हे. घरापुढें सारवलेलें खळें असावें आणि पडवीच्या कडेला अंग मुडपून एक कुत्रा निजलेला असावा, हें चित्र वेंगुर्ल्याच्या कोणत्याही वाडींत पाहावयास मिळतें. रात्रीं तो मांगराची राखण करतो, सकाळीं उकड्या तांदळाची पेज खातो आणि दुपारीं बंदराकडे एक फेरी मारून येतो. तो इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याच्याविषयीं कांहीं शिकण्यासारखें आहे, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो कोणास चावला, अथवा एकाएकीं आजारी पडून मेला, म्हणजे मात्र दोन ठराविक उद्गार कानीं येतात : "कुत्रा बिघडला," आणि "कोणीतरी विष घातलें." आमचें म्हणणें असें कीं, या दोन्ही प्रसंगीं बाहेर बोट दाखविण्यापूर्वीं घरांत पाहावें. कुत्र्याची वागणूक पुष्कळशी मालकाच्या हातानें घडते, आणि विषबाधाही पुष्कळदां त्याच हातानें घातलेल्या अन्नांतून होते.

प्रथम वागणुकीचें पाहूं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह, ज्यांस १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, ते कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करीत होते. त्यांस असें आढळलें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, नुसती अन्न आणणाऱ्या मनुष्याची चाहूल लागतांच, कुत्र्याच्या तोंडास पाणी सुटतें. मग त्यांनीं अन्न देण्यापूर्वीं एक ठराविक आवाज करण्याचा क्रम ठेविला. कांहीं दिवसांनीं त्या आवाजानेंच लाळ सुटूं लागली. ज्या दोन गोष्टी लागोपाठ घडतात त्यांची कुत्रा अशी गांठ बांधतो. पोस्टमन दारांत येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. तो आपलें काम संपवून गेला हें आम्हांस ठाऊक असतें. कुत्र्यास मात्र वाटतें, आपण भुंकलों म्हणून गेला. दुसऱ्या दिवशीं तो दुप्पट जोरानें भुंकतो. जेवतांना तो पानाजवळ टक लावून बसतो. नऊ वेळां आपण त्यास हाकलतों आणि दहाव्या वेळीं बांगड्याचा तुकडा टाकतों. त्यामुळें तो अधिकच चिकाटीनें बसूं लागतो, कारण केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे आशा सुटत नाहीं. ज्या घरांत आई देऊं नको म्हणते आणि धाकटा भाऊ हळूच देतो, त्या घरांतील कुत्रा चोर झाला तर दोष कोणाचा ?

शिक्षेच्या बाबतींत लोकांचा घोटाळा याहून मोठा आहे. मालक बाजारांतून परत येतो, चप्पल चावलेली पाहतो, कुत्र्यास ओढून आणून झोडपतो, आणि वर म्हणतो, "पाहा, त्याला आपला अपराध कळतो, कशी मान खालीं घातली आहे!" अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच प्रश्न तपासून पाहिला. ज्या कुत्र्यांनीं कांहींच खोडी केली नव्हती, त्यांसही मालक रागें भरतांच त्यांनीं तशीच मान घातली. तेव्हां ती मुद्रा अपराधाची नसून समोरच्या मनुष्याच्या रागाची भीति होय. चप्पल दोन तासांपूर्वीं चावली; मार आतां बसला; मधल्या दोन तासांचा पूल कुत्र्यास बांधतां येत नाहीं. तो एवढेंच शिकतो कीं, मालक घरीं आला म्हणजे मार बसतो. उलट, हांक मारतांच जवळ आला कीं त्याच क्षणीं शाबासकी व एखादा घास दिला, तर हें शिक्षण त्यास चांगलें समजतें.

पिल्लूपणाचा काळ या कामीं फार मोलाचा आहे. स्कॉट व फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांवर अनेक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत असें दाखविलें कीं, जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लूं ज्यांचा सहवास अनुभवतें, त्यांस तें आपलें मानूं लागतें. या दिवसांत ज्यानें लहान मुलें, म्हातारीं माणसें, छत्री, सायकल, गुरें हीं पाहिलीं, तो पुढें त्यांस सहसा भीत नाहीं. ज्यास परसांत एकट्यास बांधून ठेविलें, त्यास जन्मभर सगळें जग परकें वाटतें. चावणारा कुत्रा बहुधा शूर नसतो, भ्यालेला असतो.

आणि तो चावण्यापूर्वीं सांगतो. आधीं तोंड फिरवितो, जीभ ओठांवरून फिरवितो, अंग ताठ करतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसूं लागतो, मग गुरगुरतो. गुरगुरणें ही कुत्र्याची सभ्यता होय. गुरगुरला म्हणून काठी घातली, तर गुरगुर बंद होते, भीति बंद होत नाहीं. आणि पुढच्या खेपेस तो सूचना दिल्यावांचून चावतो. चतुर्थीचे दिवस घ्या. एरव्हीं दोन वृद्ध माणसांच्या घरांत मुंबईहून चाकरमानी मंडळी उतरतात. पंधरावीस माणसें, अनोळखी मुलें, झांजा, आरत्या आणि फटाके ! मनुष्यास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं येतो, तर कुत्र्यास सुमारें ४५,००० पर्यंतचा. फटाक्याचा बार त्यास कसा वाटत असेल याची कल्पनाच करावी. अशांत एखादें मूल तो जेवीत असतां त्याच्या ताटांत हात घालतें किंवा झोंपेंत त्याचें शेपूट ओढतें. पुढें जें घडतें त्यास आम्ही अपघात म्हणत नाहीं. त्या पांच-सात दिवसांपुरती कुत्र्यास मागील दारीं शांत जागा, त्याचें नेहमींचें पोतें व पाण्याचें भांडें द्यावें. आणि जेवणाऱ्या, निजलेल्या अथवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्यास हात लावावयाचा नाहीं, हें पाहुण्या मुलांस पहिल्याच दिवशीं सांगावें.

शांत कुत्रा एकाएकीं चिडका झाला, कोपऱ्यांत लपूं लागला, अन्नाकडे पाहीनासा झाला, तर तो हट्ट समजूं नये. कान दुखत असेल, पोटांत कांहीं अडकलें असेल, अथवा त्यानें खाऊं नये तें खाल्लें असेल. येथेंच वागणुकीचा विषय संपून ताटाचा विषय सुरू होतो.

मनुष्याचें अन्न तें कुत्र्याचें अन्न, ही समजूत आमच्या घरोघर आहे. ती अर्धीच खरी आहे. भात, उकडलेलें अंडें, कांटे काढलेली उकडलेली मासळी, बिनहाडाचें शिजविलेलें मांस हें त्यास मानवतें. मात्र नुसत्या पेजेवर तो नीट पोसला जात नाहीं, कारण तींत प्रथिनें व चुना फार थोडा. परंतु मालवणी कालवण म्हटलें कीं कांदा-खोबऱ्याचें वाटप आलेंच, आणि कांदा कुत्र्यास विष आहे. कच्चा, शिजविलेला किंवा भाजलेला, कोणताही कांदा, आणि त्याचाच भाऊबंद लसूण, कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतो. शरीराच्या दर किलोमागें सुमारें १५ ते ३० ग्रॅम कांदा गेल्यास बाधा दिसूं लागते; म्हणजे पांच किलोच्या लहान कुत्र्यास एखादा कांदा पुरे. लक्षणें त्याच दिवशीं दिसत नाहींत, हें त्यांतील कपट. दोन-चार दिवसांनीं हिरड्या फिक्या पडतात, लघवी काळपट-तांबडी होते, कुत्रा धापा टाकतो. आणि तोंवर कालवणभात कोणाच्याच लक्षांत राहिलेला नसतो. म्हणून मासळी अथवा मांस वाटप घालण्यापूर्वींच कुत्र्यासाठीं बाजूस काढावें.

द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात; यास त्यांतील टार्टारिक आम्ल कारण असावें असें अलीकडे मानतात, आणि तेंच आम्ल चिंचेंतही भरपूर असतें. प्रसादाच्या शिऱ्यांतील बेदाणे प्रेमानें भरविणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. चॉकलेटांतील थिओब्रोमिन मनुष्याच्या शरीरांतून लवकर निघून जातें, कुत्र्याच्या शरीरांत तासन्‌तास राहून हृदयाची गति वाढवितें. चॉकलेट जितकें गडद व कडू, तितकें अधिक घातक. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेलें च्युइंगम खाल्ल्यास तासाभरांतही कुत्र्याच्या रक्तांतील साखर उतरून तो कोसळतो. आपल्या तापाच्या व अंगदुखीच्या गोळ्या तर त्यास कधींच देऊं नयेत.

समुद्राकांठचीं संकटें निराळीं. रापणींत सांपडलेला केंड मासा कोळी लोक वाळूवर टाकून देतात. डिवचल्यास पोट फुगविणाऱ्या या माशाच्या यकृतांत व अंड्यांत असें विष असतें कीं, त्यानें स्नायु लुळे पडून श्वास बंद होतो. तें शिजविल्यानें जात नाहीं आणि त्यावर उतारा नाहीं. ज्या वेंगुर्ल्याच्या नांवानें काजूच्या जाती देशभर ओळखल्या जातात, तेथील मुलांस काजूच्या कच्च्या टरफलाचें तेल कातडी कसें जाळतें हें सांगावयास नको. कुत्र्याचें तोंडही तसेंच जळतें. आंब्याच्या दिवसांत बाठ चाटतां चाटतां कुत्रा ती गिळतो आणि आंतडें बंद होतें. वारंवार ओकारी आणि शौचास बंद, असें दिसलें तर वाट पाहत बसूं नये. शिजविलेलीं हाडें फुटून त्यांच्या टोकदार कपऱ्या होतात, त्याही तितक्याच वाईट. विष पोटांत गेल्याचा संशय आल्यास मिठाचें पाणी पाजून ओकविण्याची जी घरगुती रीत आहे, ती सोडून द्यावी. जास्त मीठ स्वतःच प्राणघातक आहे. काय खाल्लें, किती, केव्हां, हें कागदावर लिहून पशुवैद्यकाकडे धांवावें.

कच्चें काळीज-फुप्फुस खाटकाकडून आणून कुत्र्यास घालणें कांहीं ठिकाणीं चालतें. त्यांत कधीं कधीं एका पट्टकृमीचे कोश असतात. त्यापासून कुत्र्याच्या आंतड्यांत कृमि वाढतात, त्यांचीं अंडीं विष्ठेंतून अंगणांत येतात, आणि मुलांच्या हातांवाटे पोटांत जाऊन त्यांच्या यकृतांत पाण्याच्या गांठी धरतात. कुत्र्याशीं खेळल्यावर साबणानें हात धुणें, ही आईची कटकट नसून वैद्यकशास्त्र आहे.

मग डब्याबंद खाद्य घ्यावें काय ? जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८६० च्या सुमारास लंडनांत कुत्र्यांसाठीं खास बिस्किटें विकावयास आरंभ केला. गोदीवरचीं कुत्रीं जहाजांवरील कडक बिस्किटें खातांना पाहून त्यास ही कल्पना सुचली, असें सांगतात. आज तो धंदा जगभर पसरला आहे व पुष्कळसें खाद्य चांगलें असतें. पण छापील वेष्टन म्हणजे हमी नव्हे. २००७ च्या मार्च महिन्यांत उत्तर अमेरिकेंत असें खाद्य खाऊन कुत्रीं-मांजरें मूत्रपिंडें बिघडून मरूं लागलीं आणि एका कारखान्यास सहा कोटी डबे-पुड्या परत बोलवाव्या लागल्या. चीनमधून आलेल्या गव्हाच्या सत्त्वांत मेलामाईन मिसळलेलें आढळलें. प्रयोगशाळेंत प्रथिनें मोजतात तीं त्यांतील नायट्रोजनावरून. मेलामाईनांत नायट्रोजन विपुल. म्हणून प्रथिनांचा आंकडा फुगवून दाखविण्यासाठीं ही भेसळ. पुढच्याच वर्षीं तेंच मेलामाईन चीनमध्यें तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत निघालें. सहा बालकें दगावलीं व सुमारें तीन लाख आजारी पडलीं. जनावरांच्या अन्नाची हयगय माणसांच्या अन्नापर्यंत पोंचावयास फार दिवस लागले नाहींत.

आमच्याकडे त्याहून जवळचा शत्रु पावसाळा. आषाढांत उघडी राहिलेली पिशवी चार दिवसांत दमट होते व बुरशी धरते. धान्यावरील कांहीं बुरशी अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष तयार करते. तें यकृत नासवितें आणि उकळल्यानें नष्ट होत नाहीं. म्हणून पावसांत लहान पिशवी घ्यावी, ती मूळ वेष्टनासकट घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी, आणि वास आला तर पैशाकडे न पाहतां फेंकावी. बुरसलेली भाकरी "कुत्र्याला तरी होईल" म्हणून टाकणाऱ्यांसही हेंच लागू आहे.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं. मालकास वाटतें, घशांत हाड अडकलें, आणि तो तोंडांत हात घालतो. हाड असेलही, परंतु रेबीज या पिसाळण्याच्या रोगाचें एक रूप हुबेहूब असेंच असतें. दोहोंतील फरक अंगणांत उभें राहून ओळखतां येत नाहीं. हात न घालतां कुत्र्यास एकटें कोंडून पशुवैद्यकास बोलवावें. पवित्र शास्त्रांतील गरीब लाजराचे फोड कुत्रे येऊन चाटीत, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. पण पिसाळलेल्या कुत्र्यानें उघडी जखम चाटणें हें चावण्याइतकेंच भयंकर, हेंही त्यांस ठाऊक असावें. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पहिल्यानें लस टोंचून वांचविलें. हिंदुस्थानांत कसौली येथें १९०० सालीं पाश्चर संस्था निघाली, तेव्हां दूरदूरच्या लोकांस आगगाडीनें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत जावें लागे. आज सरकारी रुग्णालयांत लस मिळत असूनही लोक मरतात, याचें कारण जखमेवर मिरची, चुना किंवा हळद लावून ते घरीं बसतात. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें जखम धुवावी आणि त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगावर इलाज नाहीं. पुष्कळदां मूल मार बसेल या भीतीनें चावल्याचें लपवितें. म्हणून या एका बाबतींत मुलांवर रागावणार नाहीं, असें पालकांनीं आधींच सांगून ठेवावें.

हें अशक्य काम नव्हे. तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यांत २०१३ ते २०१९ या काळांत जें काम झालें, त्यांत एका वर्षांत ९५,००० हून अधिक कुत्र्यांस लस टोंचण्यापर्यंत मजल गेली. शंभरांतील सत्तर कुत्रीं संरक्षित झालीं आणि दर वर्षीं सुमारें दीड लाख मुलांस या रोगाचें शिक्षण मिळालें. कुत्र्यांमधील रोगाचें प्रमाण शेंकडा ९२ नें उतरलें, आणि २०२१ सालीं तें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालें. आमच्या बाजूस एवढेंच करावयाचें : पिल्लूं तीन महिन्यांचें झालें कीं पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेऊन लस टोंचून घ्यावी, पुढें दर वर्षीं तो सांगेल त्या तारखेस पुन्हां न्यावें, आणि तारीख लिहिलेला कागद रेशनकार्डाच्या पिशवींत ठेवावा, म्हणजे तो हरवत नाहीं.