थंडीतील धाव आणि जड पावले

जानेवारीच्या पहाटे दिल्लीच्या रिजवर, म्हणजे अरवली पर्वतरांगेच्या उत्तर टोकावरील पायवाटेने, सरावासाठी धावणाऱ्यास पहिला किलोमीटर फार जड जातो. त्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. शरीराच्या अंतर्भागाचे तपमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असले, तरी गारठ्यात त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व पायांचे स्नायू त्याहून काही अंश थंड राहतात. थंड स्नायूंतील रासायनिक क्रिया मंदावतात. आकुंचन पावण्यास आणि पुन्हा सैल होण्यास ते अधिक वेळ घेतात. म्हणून पाऊल उचलते, पण चपळाई येत नाही.

यावरील उपायही स्नायूंतच आहे. खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या भागाची उष्णता होते. उन्हाळ्यात जिचा त्रास होतो, तीच येथे उपकारक ठरते! स्नायूंत उत्पन्न होणाऱ्या या उष्णतेविषयीच्या संशोधनाबद्दल आर्चिबाल्ड हिल यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा पहिली दहा मिनिटे संथपणे धावावे. (हवेत धूर दाट असेल त्या दिवशी मात्र घरीच राहणे बरे.) आरंभीच वेग घेतल्यास थंड स्नायू ताणला जाण्याचा, क्वचित त्याचे तंतू तुटण्याचाही, संभव असतो.