पक्षाघात, वय आणि उभारी

आमच्याकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारं जाणं’ म्हणतात. वारे कोणाच्या हाती नसते. तसाच हा आजारही नशिबावर सोडला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा मेंदूला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते, काही वेळा वाहिनी फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. त्याच्या ताब्यातील विरुद्ध बाजूचे अंग लुळे पडते.

आमच्या नात्यात हा घाला एकाच वर्षात दोनदा पडला. शिरूरचे आजोबा ७४ वर्षांचे, दौंडचे मामा ४६ वर्षांचे. दोघांचीही उजवी बाजू गेली. दोघांनाही पुण्याच्या रुग्णालयात पुनर्वसनासाठी ठेवले होते आणि सोबतीला मी राहिले. मामांविषयी घरात एकच प्रश्न असे, ‘कामावर कधी जाणार?’ आजोबांविषयी मात्र, ‘आता या वयात कशाला त्रास द्यायचा?’ आजी प्रेमाने त्यांना घास भरवी.

वय झाले म्हणजे सुधारणा थांबते काय? मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून या प्रश्नाने मला वाचनाकडे वळविले. रोग्याचे स्वावलंबन मोजण्यासाठी १९६५ साली प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक वापरतात. जेवणे, कपडे घालणे, चालणे, जिना चढणे अशा दहा बाबींना मिळून १०० गुण असतात. कोपनहेगन येथील रोग्यांवरील एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, हातापायांतील शक्ती, वाचा इत्यादी परत येण्यावर वयाचा स्वतंत्र परिणाम दिसत नाही. दैनंदिन कामांच्या गुणांवर मात्र दिसतो. म्हणजे गेलेल्या शक्तीला पर्याय शोधून काम साधण्यात वृद्ध माणूस मागे पडतो. झटक्याची तीव्रता हे तर वयापेक्षाही मोठे कारण मानले जाते. मधुमेह, हृदयविकार, अधू दृष्टी यांमुळेही वृद्धांना व्यायाम झेपत नाही.

हे वाचल्यावर वॉर्डातील दृश्य मला निराळे दिसू लागले. दोघांच्या उजव्या मुठीत थोडी थोडी पकड येत होती. मामा मात्र चार दिवसांत डाव्या हाताने जेवू लागले. आजोबांना ते पटेना. ज्या हाताने जन्मात ताटाला शिवले नाही, त्या हाताने घास घ्यायचा? अडचण स्नायूंची होती, तशीच ७४ वर्षांच्या सवयीचीही होती.

फिजिओथेरपिस्टबाईंनी आजीला भरवणे बंद करायला सांगितले. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड केला. सदरा घालताना आधी लुळा हात, मग चांगला, हा क्रम रोज त्याच वेळी, तसाच गिरवून घेतला. मामांना जे दोनदा सांगून पुरे, ते आजोबांना वीसदा सांगावे लागे. परंतु एकविसाव्या वेळी ते जमले.

मामा आता हलक्या कामावर जातात. आजोबांना जिना एकट्याने चढता येत नाही. पण घोडनदीकाठच्या आमच्या घरी ओट्यावर बसून ते आपला चहा आपल्या हाताने पितात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. नेमका तोच काळ आपण ‘वय झालं’ म्हणून मायेपोटी वाया घालवतो. वृद्धाला कमी शिकवायचे नसते, अधिक वेळा शिकवायचे असते. एवढेच मी त्या वॉर्डात शिकले.