शेअरचा भाव कां उतरतो?

विक्री वाढत असतांनाही कंपनीच्या शेअरचा भाव कोसळूं शकतो, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. संगणकाचा मेंदू म्हणावा असा 'प्रोसेसर' बनविणाऱ्या इंटेल ह्या अमेरिकन कंपनीचें उदाहरण घेऊं. ता. २१ सप्टेंबर २००० रोजीं तिनें कळविलें कीं, युरोपांत मागणी मंदावल्यामुळें तिमाहीची विक्री आदल्या तिमाहीपेक्षां शेंकडा ७ ते ९ नव्हे, तर ३ ते ५ इतकीच वाढेल. दुसऱ्याच दिवशीं भाव शेंकडा २२ उतरला! शेअरच्या भावांत पुढील आशेचीही किंमत धरलेली असते. ती आशा तेवढी कमी झाली.

गुंतवणूकदारांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, युरोचें मूल्य घसरल्यानें आलेली ही अडचण तात्पुरती आहे. स्वस्तांत घेऊन ठेवा. दुसरा म्हणे, ज्यांस संगणक हवा होता त्यांनीं तो घेतला. चालतें यंत्र टाकून नवें कोण घेईल? आम्हांस हा प्रश्न अधिक मार्मिक वाटतो. धान्य रोज लागतें. संगणक चार वर्षें सहज चालतो. २००१ सालीं जगांतील संगणकांची विक्री खरोखरच घटली. ज्या नॅसडॅक बाजारांत इंटेलचे शेअर विकले जातात, त्याचा निर्देशांक मार्च २००० मध्यें ५,०४८ होता. ऑक्टोबर २००२ मध्यें तो १,११४ वर आला. जुनें शिखर त्यानें गाठलें तें २०१५ सालीं. मध्यंतरीं ज्यांस मुलांच्या फीसाठीं किंवा औषधपाण्यासाठीं पैसा लागला, त्यांस तितकें थांबणें शक्य नव्हतें.