बस्ता चिकपेटचा, जेवण मिलिटरी हॉटेलचं

बेंगळुरूतली मराठी मंडळी लग्नाच्या बस्त्यासाठी हटकून चिकपेट गाठतात. साड्यांच्या दुकानात गादीवर दोन तास बसलं की पोटात कावळे ओरडू लागतात. मटण खाणाऱ्यांनी अशा वेळी दिसेल त्या पाटीखाली शिरू नये. आसपासच्या पेठांत मिलिटरी हॉटेलं, म्हणजे साध्या मांसाहारी खानावळी, आहेत, आणि ती एका अर्थानं आपल्याच माणसांची. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी घराणी या शहरात आहेत. ही हॉटेलं त्यांच्याशी जोडली जातात आणि मालकांच्या नावांतले ‘राव’ त्याची साक्ष देतात. कॉटनपेटचं एस. जी. राव मिलिटरी हॉटेल 1908 सालचं. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल 1935 सालचं, पण ते चिकपेटपासून लांब पडतं.

गाडी घेऊन जाऊ नका. पार्किंग शोधण्यात जेवणाची वेळ टळेल. मॅजेस्टिकहून मेट्रोच्या ग्रीन लाइनवर पुढचंच स्टेशन चिकपेट, तिकीट दहा रुपये.

इथली दोन्ने, म्हणजे द्रोणातली, बिर्याणी चांगली की वाईट, हे भातावरून कळतं. दाणा जिरगे सांबाचा, आंबेमोहरासारखा आखूड हवा. रंग पुदिना, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीचा हिरवट. भगव्या रंगाचा लांब बासमती समोर आला तर ती वेगळी बिर्याणी. वाईट असेलच असं नाही, पण त्यासाठी इतकी पायपीट कशाला? पानांच्या द्रोणात भात, वर मटणाचे तुकडे आणि बाजूला वाटीत शेरवा. बहुतेक ठिकाणी शेरवा पुन्हा मागता येतो, पैसे पडत नाहीत.

आता खिशाचं. हे आकडे अंदाजाचे. भिंतीवरचा दरफलक तोच खरा. मटण बिर्याणी साधारण 280 ते 350 रुपये, चिकनची 200 ते 260. बाजारात मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात असताना कुणी दीडशेत मटणाची प्लेट देत असेल, तर आधी तुकडे मोजा. खरा खर्च वाढतो तो भातानं नव्हे, जोडीच्या पदार्थांनी. चॉप्स, खिम्याचे गोळे, कलेजी फ्राय यांची प्लेट दीडशे-दोनशेच्या पुढे जाते, आणि वाढपी एकेक नाव इतक्या आपुलकीनं घेतो की नको म्हणणं जिवावर येतं. दोघांत एक बिर्याणी, एक मुद्दे आणि एक चॉप्स मागवलं तर सहाशे-सातशेत पोट भरतं. मुद्दे म्हणजे नाचणीचा गोळा. तो चावायचा नाही, रश्शात बुडवून गिळायचा.

वेळेचा हिशोब पैशापेक्षा महत्त्वाचा. सकाळी इडलीबरोबर पायाचं सूप किंवा खिमा मिळतो, तोही दीडशेच्या आसपास. दुपारी साडेबाराला गेलात तर सगळं ताजं मिळेल. तीननंतर फळ्यावरची नावं पुसली जाऊ लागतात. आधी चॉप्स संपतात, मग बिर्याणी. रात्रीच्या भरवशावर राहू नका, कित्येक जुनी हॉटेलं दुपारनंतर बंदच असतात. रोख पैसे जवळ ठेवा.

बिलावर जीएसटी असेल तर तो 5 टक्के. छोट्या धंद्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेतला मालक तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. सर्व्हिस चार्ज या साध्या हॉटेलांत सहसा नसतो. कुठे न विचारता लावलाच, तर काढायला सांगा. तो देणं न देणं तुमच्या मर्जीवर आहे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर त्यांना मिलिटरी हॉटेलात नेऊन कोरडा भात आणि पापड खायला लावू नका. बळेपेटेत उडुपी श्रीकृष्ण भवन आहे. तिथला सागू मसाला डोसा आणि कॉफी मिळून दोनशेच्या आत भागतं.