लावलेली काडी का मरते? छाट कलमांच्या अपयशाची चिकित्सा

देहूरोड, किवळे, मामुर्डी, शेलारवाडी या बाजूच्या वस्त्यांतून पावसाळ्याच्या तोंडाशी फिरल्यास अनेक घरांच्या ओट्यापाशी डब्यात किंवा कुंडीत खोचलेल्या काड्या दिसतात. कोणी गुलाबाच्या लावलेल्या असतात, कोणी जास्वंदीच्या, मोगऱ्याच्या, अंजिराच्या. आठदहा दिवसांत डोळे फुटतात, कोवळी पालवी दिसू लागते आणि घरची मंडळी समाधानाने म्हणतात, "काडी लागली." तिसऱ्याचौथ्या आठवड्यात तीच पालवी मान टाकते व काडी वरून खाली वाळत जाते. मग कोणी मातीला दोष देतो, कोणी पाण्याला, कोणी लावणाऱ्याच्या हातगुणाला, आणि काडी उपटून उकिरड्यावर फेकली जाते. मरणाचे खरे कारण त्या फेकलेल्या काडीच्या बुडाशी लिहिलेले असते. ते वाचण्याचे मात्र कोणास सुचत नाही.

एरवी हे नुकसान दोनचार काड्यांचे व थोड्या श्रमांचे. परंतु या पट्ट्यात गेल्या काही दशकांत परिस्थिती पालटली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला, तो किवळ्यापासूनच निघतो. तळवडे व चाकणकडे कारखाने वाढले, रस्ते रुंद झाले, जुनी घरे व परसे गेली. परसातील वीसतीस वर्षांचे अंजिराचे झाड किंवा आजीने लावलेला गावठी सुवासिक गुलाब उचलून दुसरीकडे नेता येत नाही. नेता येतात त्या त्याच्या काड्या. अशा वेळी काडी मेली म्हणजे ते झाड कायमचे गेले. म्हणून अपयशाचे कारण पहिल्याच खेपेस ओळखता येणे अगत्याचे आहे.

पालवी ही मुळांची खूण नव्हे

काडीमध्ये पिष्टमय अन्नाचा व पाण्याचा थोडा साठा असतो. त्या शिदोरीवर वरचे डोळे फुटू शकतात. त्यासाठी मुळांची गरज नसते. मुळे फुटण्याचे काम याहून सावकाश चालते. प्रथम कापलेल्या जागी जखम भरून येते व पांढरट, दाणेदार गाठ धरते. नंतर सालीखालच्या हिरवट पातळ थराजवळून मुळ्या बाहेर पडतात. गुलाब, मोगरा, अंजीर यांस अनुकूल हवेत यासाठी साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या मधल्या काळात पाने हवेत पाणी सोडत राहतात आणि खालून भरपाई होत नाही. शिदोरी आधी संपली की काडी मरते; मुळे आधी आली की जगते. छाट कलमाचा सारा खटाटोप या शर्यतीत मुळांना वेळ मिळवून देण्यासाठी असतो. सावली, दमट हवा, कमी पाने, ओलसर पण हवेशीर माती, ही सर्व त्याचीच साधने होत.

मेलेल्या काडीची तपासणी

काडी मेल्यासारखी वाटताच ती अलगद उकरून काढावी, पाण्यात धुवावी आणि बुडाकडून चाकूने उभी चिरून पाहावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमोर हे एकदा करून दाखविले, तर तासभराच्या व्याख्यानाहून अधिक काम होते.

बूड काळे, मऊ व बुळबुळीत झाले असेल, दुर्गंध येत असेल आणि काळेपणा खालून वर चढला असेल, तर काडी कुजली असे समजावे. फार पाणी व मातीत हवेचा अभाव हे त्याचे नेहमीचे कारण. रंगाच्या वा तेलाच्या डब्याला तळाशी भोक नसते. जुलैच्या झडीत तो विहिरीसारखा भरून राहतो. पवना व इंद्रायणीच्या काठची भारी काळी माती कुंडीत भरली तरी हाच परिणाम होतो. शेतात ती माती सोन्यासारखी असेल, पण मुळे नसलेल्या काडीला ती गुदमरवते. ताजे शेणखत घालण्याची हौसही येथे नडते. न कुजलेले शेण गरम होते, बुरशी वाढविते व वाळवीस निमंत्रण देते. शिवाय ज्या काडीला मुळेच नाहीत तिला खताचा काही उपयोग नाही. धुतलेली जाड वाळू दोन भाग व जुना कुजलेला पालापाचोळा किंवा धुतलेला नारळाच्या काथ्याचा भुसा एक भाग, एवढे मिश्रण पुरे. मूठभर मिश्रण दाबल्यास हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

याउलट साल सुरकुतलेली, लाकूड कोरडे व मरण वरच्या टोकाकडून खाली आलेले दिसले, तर काडी सुकली. बहुधा ती लावण्यापूर्वीच अर्धी सुकलेली असते. सकाळी कापलेली काडी पिशवीत घालून लोकलने नेली, दुपारभर ओट्यावर ठेवली आणि संध्याकाळी लावली, तर पुढे कितीही पाणी घालून ती परत येत नाही. काडी भल्या सकाळी कापावी, ओल्या गोणपाटात वा कागदात गुंडाळून सावलीत न्यावी व त्याच दिवशी लावावी. लावताना काठीने आधी भोक करून त्यात काडी सोडावी व भोवतालचे मिश्रण बोटांनी घट्ट दाबावे. बुडाशी पोकळी राहिली तर वर पाणी दिसते व खाली काडी कोरड्या हवेत लोंबकळते. पाने दोनच ठेवावी, तीही मोठी असल्यास अर्धी कापावी. कुंडीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घालता येते, परंतु ती कुंडी उन्हात ठेवू नये. उन्हातल्या पिशवीत काडी अक्षरशः शिजते.

बुडाशी पांढरी गाठ आहे, साल हिरवी आहे, पण मुळी एकही नाही, असे आढळल्यास ती काडी मेलेली नाही. ती उपटणे हीच चूक. गाठ म्हणजे मूळ नव्हे हे खरे, तथापि जखम भरल्याची ती खूण आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येथे हे काम फार रेंगाळते. अशी काडी पुन्हा लावून आणखी तीन आठवडे वाट पाहावी. गाठ फारच मोठी झाली असेल, तर ती थोडी खरवडून मुळे फुटण्याचे संजीवक लावून पाहावे.

कधी बूड जसेच्या तसे कोरे असते, गाठ नाही की मूळ नाही. अशा वेळी डोळ्यांची दिशा पाहावी. अंजीर किंवा द्राक्षाची बिनपानांची काडी उलटी लावली जाणे ही नवलाची गोष्ट नाही; अनुभवी माळ्याच्या हातूनही घाईत ती घडते. काडीचे खालचे टोक व वरचे टोक यांचे स्वभाव ठरलेले असतात, जमिनीत उलटे पुरल्याने ते बदलत नाहीत. कापतानाच खालचा काप डोळ्याच्या लगत खाली आडवा व वरचा काप डोळ्याच्या वर तिरपा घेण्याचा नियम ठेवला, तर ही चूक होत नाही. पानगळ झालेल्या झाडावरून काड्या घेताना तर हा नियम कधीच मोडू नये.

साल खालून पोखरलेली व आत माती भरलेली दिसली तर ते वाळवीचे काम. डोंगरपायथ्याच्या मुरमाड जागेत जमिनीत थेट लावलेल्या काड्यांस हा उपद्रव पुष्कळ होतो. तेथे कुंडी विटांवर उचलून ठेवावी.

बारीक पांढऱ्या मुळ्या तुटलेल्या आढळल्या, तर काडी लागली होती आणि लावणाऱ्यानेच ती मारली. रोज हलवून पाहण्याने केसासारख्या मुळ्या तुटतात. कुंडीच्या तळच्या भोकातून मुळी डोकावेपर्यंत किंवा नवी फूट जोमाने वाढू लागेपर्यंत हात लावू नये.

कोणती काडी घ्यावी

गुलाबाची फूल नुकतेच गळून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी चांगली. तिचा काटा अंगठ्याने बाजूला दाबल्यास स्वच्छ मोडून यावा. वाकला तर फांदी कोवळी, सालीसकट निघाला तर जून. अंजीर, द्राक्ष, डाळिंब यांची मागील हंगामातील पक्व फांदी घ्यावी व काडी वीतभर लांब ठेवावी. झाडाच्या बुडातून सरळ वर धावणारे रसरशीत पाणसोट दिसायला आकर्षक असतात, पण त्यांत पाणी फार व साठा कमी. कळ्या लागलेली फांदीही टाळावी. अंजिराचा चीक वाहणे थांबल्यावर, काप धुऊन, काडी लावावी. चाफ्याची गोष्ट तर अगदी उलटी आहे. त्याची फांदी आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकवावा लागतो. ताजी लावल्यास ती ओल्या मातीत हमखास सडते. जी घाई गुलाबास तारते तीच चाफ्यास मारते.

काही झाडांबाबत मात्र दोष कोणाचाच नसतो. आंब्याच्या वा चिकूच्या काड्या लावणे म्हणजे हंगाम वाया घालविणे होय. आंब्यास कोय कलम अथवा भेट कलम आणि चिकूस खिरणीवरील भेट कलम हेच मार्ग आहेत. पेरूस दाब कलम वा गुटी बरी. बाजारातील मोठ्या फुलांच्या अनेक गुलाबांची काडी लागली तरी झाड अशक्त राहते, म्हणून रोपवाटिकांत रानगुलाबाच्या खुंटावर त्यांचा डोळा भरतात. पुरंदरकडे ज्याची लागवड फार, त्या पुना अंजिराची काडी मात्र सहज लागते. ही निवड शेकडो प्रयत्नांतून झालेली आहे. याच लोहमार्गावरच्या दापोडीस १८२८ पासून सरकारी वनस्पती उद्यान होते, आणि गणेशखिंडीचे उद्यान १८७३ चे.

संजीवकाविषयी

इंडोल ब्युटिरिक ॲसिडने काडीस मुळे लवकर फुटतात हे १९३५ मध्ये दिसून आले व आज त्याची भुकटी बियाण्यांच्या दुकानात मिळते. काडीचे खालचे टोक ओले करून त्यास भुकटी लावावी, जादा झटकून टाकावी व आधी केलेल्या भोकात काडी सोडावी. नुसती खुपसल्यास भुकटी वरच पुसून जाते. हवी तेवढी भुकटी कागदावर काढून घ्यावी, ओल्या काड्या डबीत बुडवू नयेत. मात्रा जास्त झाली तर बूड भाजून काळे पडते, आणि मग ती कूज समजून पाणी तोडले जाते. मध वा दालचिनी लावणारेही पुष्कळ आहेत. त्याने काही बिघडत नाही, पण सुकलेल्या काडीला, किंवा ज्या डब्याला भोकच नाही त्यातल्या काडीला, ना मध वाचवितो ना इंडोल ब्युटिरिक ॲसिड.

झाड तुटणारच असेल तर

घर पाडण्याची तारीख पावसाळा पाहून ठरत नाही. दोन महिने हाती असतील व हवा दमट असेल, तर अंजीर, डाळिंब यांच्या फांद्यांवर गुटी बांधणे सर्वांत सुरक्षित. फांदी झाडावरच असल्याने तिला पाणी मिळत राहते व मुळे आलेली दिसल्यावरच ती कापता येते. मे महिन्यात चार दिवसांचीच मुदत असेल तर काड्यांशिवाय उपाय नाही. मग दोन काड्यांवर भरवसा ठेवू नये. वीसपंचवीस काढाव्या, जाडबारीक दोन्ही घ्याव्या, आणि निम्म्या घरी लावून निम्म्या शेजारी वा नातेवाइकांकडे द्याव्या. एका घरी पाणी चुकले तरी दुसऱ्या घरी झाड राहते. बिनपानांच्या पक्व काड्या ओलसर कागदात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत, थंड जागी दोनतीन आठवडे टिकतात. पानांच्या काड्या दोन दिवसही कठीण. लावलेल्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीलगत, पश्चिमेचा वारा लागणार नाही अशा ठेवाव्या व प्रत्येकीवर झाडाचे नाव आणि लावल्याची तारीख लिहावी. सहा आठवडे झाले की नाही याचा हिशेब त्यावाचून राहत नाही.

मुळे आल्यावर पिशवी एकदम काढू नये. प्रथम संध्याकाळी तासभर, मग रात्रभर, असे आठदहा दिवसांत उघडे करावे, नंतर सकाळचे कोवळे ऊन द्यावे. जूनमध्ये लावलेली काडी सप्टेंबरच्या मध्यास मातीच्या गोळ्यासह कायम जागी हलविता येते. मेमध्ये लावलेलीही तोवर कुंडीतच ठेवावी.