गंजलेला बिडाचा तवा पुन्हा मुरवताना

पावसाळाभर माळ्यावर पडलेला बिडाचा तवा घावनांसाठी खाली काढावा, तर तो तांबडालाल झालेला असतो. भंगारवाल्याला देऊ नका, तो वाचतो. बीड म्हणजे लोखंडच, त्यात दोन ते चार टक्के कार्बन. त्याला ओल आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र भेटले की गंज धरतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावरही ऑक्साइडचा थर असतो, पण तो घट्ट बसून आतल्या धातूला राखतो. गंजाचे मात्र पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

साहित्य थोडंच: पांढरं व्हिनेगर, जाडं मीठ, तारेची घासणी, जुन्या सुती कापडाचे तुकडे आणि चमचाभर करडईचं तेल.

आधी मिठाने तवा कोरडाच घासा. सुटा गंज तेवढ्यावर निघतो. मग व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन तवा त्यात बुडवा. अर्ध्या तासाने काढून घासा, गंज उरला असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर ठेवू नका. मी ठेवला होता; गंज संपल्यावर आम्लाने तव्यालाच हात घातला आणि सकाळी पृष्ठभाग खरबरीत झाला होता. चिंचेच्या कोळानेही हे काम होतं, फक्त सावकाश.

आता साबणाने धुऊन, पुसून तवा लगेच गॅसवर ठेवा. 'लगेच' हा शब्द गंभीरपणे घ्या. ओलं कोरं बीड ओट्यावर ठेवून फोन घ्यायला गेलात, तर परत येईपर्यंत त्यावर तांबूस झाक आलेली दिसेल.

खरी कृती इथून पुढे. तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी चिकट राळ जमते ना? करडईचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन असं वाळतं, रेणूंच्या साखळ्या जुळून घट्ट होतं. तव्यावर आपल्याला हेच हवंय, फक्त आचेवर आणि झटपट. खोबरेल इथे उपयोगाचं नाही, त्याला हा गुण जवळजवळ नाहीच. जवसाचं तेल सगळ्यांत लवकर वाळतं, चित्रकार तैलरंगात तेच वापरतात. पण तव्यावर त्याचे पोपडे निघतात, म्हणून माझी पसंती करडईलाच.

कोमट तव्याला दोन्ही बाजूंनी आणि कडांना तेल चोळा. मग कोरड्या फडक्याने असं पुसा, की जणू तेल चुकून लागलं होतं. मध्यम आचेवर, खिडकी उघडी ठेवून, बारीक धूर निघू लागल्यावर आणखी दहा मिनिटं तापवा. थंड होऊ द्या. असे चार-पाच हात द्या. रंग करड्याचा तपकिरी आणि मग काळा होत जाईल. बोटाला चिकटलं, तर तेल जास्त झालंय: तेल न लावता पुन्हा तापवा.

पहिलं घावन बहुतेक चिकटेलच. टोमॅटो, आमसूल, चिंच या तव्यात महिनाभर तरी नको, आंबटाने थर सुटतो. धुतल्यावर तवा निथळत ठेवू नका, आचेवर कोरडा करा.

माळ्यावर टाकताना तेलाचा हात अगदी पुसट द्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळा. तेल जास्त राहिलं तर ते खवट होतं. तेही ऑक्सिजनचंच काम. तसा वास आलाच, तर साबणाने धुऊन, तापवून तेलाचा एक हात द्या. व्हिनेगर पुन्हा काढायची गरज नाही.