हवेची टाकी संध्याकाळी भरली आणि घाटात रिकामी निघाली, तर दोष कुठे शोधायचा?



मे महिन्यातली गोष्ट. आपल्या एका सभासदाची पिकअप पहाटे मासळी घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला चालली होती. घाटात मागचा टायर बसला. ट्यूबलेस टायर, ड्रायव्हरने खिळा काढून प्लग मारला, पण हवा भरायला टाकी काढली तर काटा २५ पौंडावर! आदल्या संध्याकाळीच टायरवाल्याकडून १२० पौंड भरून आणलेली. दुसऱ्या गाडीची मदत मिळेपर्यंत दोन-अडीच तास गेले. बर्फ विरघळला आणि बांगडा मिळेल त्या भावात द्यावा लागला.

ती टाकी नंतर आम्ही सोसायटीच्या शेडमध्ये आणून तपासली. अशा टाक्या आता बऱ्याच जणांच्या टेम्पोत आणि होड्या ओढायच्या ट्रॅक्टरवर असतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज. "एक टायर भरला, दुसरा भरलाच नाही, टाकी खराब आहे," असं खूप जण सांगतात. टाकीत पंप नसतो, भरलेली हवा वाटून घ्यायची असते. समजा टाकी २० लिटरची, १२० पौंड भरलेली. टायरमध्ये साधारण ४० लिटर हवेची जागा धरू आणि तो २० पौंडावर आलाय. त्याला ४५ पर्यंत नेलं की टाकीत उरतात ७० पौंड. तसाच दुसरा टायर जोडला तर दोन्हीकडचा दाब ३६-३७ वर सारखा होतो आणि हवा जायची थांबते. हा बिघाड नाही, हिशोब आहे. पूर्ण बसलेला टायर असेल तर पहिलाच ४० वर अडकेल.

दुसरं, भरताना टाकी गरम होते. थंड झाल्यावर काटा पाच-सात पौंड खाली येतो. तेवढ्यावरून गळती समजू नका. रात्रभर कॉक बंद करून ठेवा, रात्री थंड झाल्यावरचा आकडा आणि सकाळचा आकडा खडूने टाकीवरच लिहा. त्यात फरक पडला तर मग साबण काढायचा.

भांड्याच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने एकेका जागी लावा. सुरुवात हवा भरायच्या वॉल्वपासून करा. त्यातली पिन आपल्या टायरच्या वॉल्वसारखीच असते. रेती बसली की ती पूर्ण बंद होत नाही. टाकीतली सगळी हवा सोडून पिन-पान्याने ती काढायची, नवी बसवायची, खर्च किरकोळ. मग मीटरचे आटे, कॉकचे आटे. तिथे बुडबुडे आले तर हवा सोडून, आटे साफ करून टेफ्लॉन टेप गुंडाळा. हवा भरलेली असताना पाना लावू नका, कितीही घाई असो. नळी सहसा नोझलजवळच्या पट्टीखाली चिरते, वाकवून बघितल्याशिवाय दिसत नाही.

टाकीत हवा आहे पण टायरमध्ये जात नाही, तर नोझलमधला रबरी वायसर बघा. तो झिजला की आतला खिळा टायरची पिन नीट दाबत नाही आणि हवा बाजूने फुसफुसते. टाकी रिकामी असूनही काटा शून्यावर येत नसेल तर मीटर बदला.

सेफ्टी वॉल्व खाऱ्या हवेत जाम होतो. महिन्यातून एकदा, टाकीत थोडीच हवा असताना, तोंड बाजूला ठेवून त्याची कडी ओढून बघा. हवा सुटली आणि कडी सोडल्यावर बंद झाली म्हणजे ठीक. एका ठिकाणी तर गळतो म्हणून वॉल्व काढून तिथे बोल्ट ठोकलेला आम्ही पाहिला आहे. असं कुणीही करू नये.

आता त्या घाटातल्या टाकीकडे येऊ. वॉल्व, मीटर, नळी, कुठेच बुडबुडा नाही. गंजाची शंका होती म्हणून आम्ही ३० पौंडच भरले होते, गळती शोधायला तेवढे पुरतात. शेवटी टाकी आडवी केली तेव्हा पायाच्या पट्टीला लागून बारीक फेस दिसला. हवा सोडून, वरचा कॉक काढून टाकी उलटी केली तर गंजाचं लाल पाणी बाहेर आलं. आपल्याकडच्या दमट हवेतली वाफ टाकीत शिरते, आत पाणी होतं आणि तळाशी साचून राहतं. वरून मासळीचं खारं पाणी पट्टीखाली मुरलेलं. दोन्हीकडून पत्रा खाल्लेला.

सभासद म्हणाले, "वेल्डिंगचा एक टाका मारू, काय होतंय?" आम्ही नाही म्हटलं. जिथे एक भोक दिसतं तिथे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालेला असतो. १० इंच व्यासाच्या टाकीच्या एका तोंडावर १२० पौंडाला चार टनांहून जास्त जोर येतो. ती फुटली तर जवळचा माणूस वाचेलच असं नाही, आणि ती ड्रायव्हरच्या पाठीमागेच बांधलेली असते. त्याच कारणाने फ्रीजच्या गॅसचे रिकामे सिलिंडर हवेसाठी वापरू नका. ते एकदाच वापरून टाकायचे असतात.

त्या टाकीला आम्ही ड्रिलने चार भोकं पाडली, म्हणजे भंगारातून उचलून पुन्हा कोणी भरायला नको.

पाणी काढायला खाली कॉक असेल तर दर आठवड्याला उघडा. नसेल तर महिन्यातून एकदा सगळी हवा सोडून टाकी उलटी करा. टाकी मासळीच्या क्रेटखाली ठेवू नका. पट्टीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त कधीच भरून घेऊ नका, टायरवाला कितीही म्हणाला तरी.

३१ जुलैला बंदी संपते. त्याआधीच्या रविवारी सकाळी ज्यांना टाकी तपासून हवी त्यांनी ती रिकामी करून शेडवर आणावी. साबण आणि पाना आमच्याकडे आहे, वॉल्वची पिन मात्र आपापली आणा.